शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरून

यंदा दिवाळीच्या सुटींत धाकट्या बंधूंकडे दादरास आठ दिवस राहण्याचा योग आला. बरोबर नऊ वर्षांचा नातू होता. हा मुलगा घरीं खुर्चीवरून हालत नाहीं, ही आमची नित्याची तक्रार. मीं स्वतः त्यास पुष्कळदां आळशी म्हटलें आहे, आणि मुलास वळण लावीत नाहीं म्हणून सूनबाईसही चार शब्द ऐकविले आहेत.

बंधूंचें घर शिवाजी पार्कसमोर, दुसऱ्या मजल्यावर. पार्क म्हणजे सुमारें २८ एकरांचें मोकळें मैदान. मुंबई नगरपालिकेनें तें १९२५ सालीं लोकांस खुलें केलें. आरंभीं त्यास माहीम पार्क म्हणत. १९२७ मध्यें नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहानें त्यास शिवछत्रपतींचें नांव मिळालें. भोंवतीं बसका कट्टा आहे. त्याची फेरी एक किलोमीटरहून थोडी अधिक भरते. सायंकाळीं त्यावर वृद्ध मंडळींची बैठक जमते, आणि मैदानांत एकाच वेळीं इतके क्रिकेटचे डाव चालतात कीं, कोणता चेंडू कोणाचा हें खेळणारेच जाणोत!

पहिले दोन दिवस नातू खिडकींतून नुसता पाहत होता. तिसऱ्या दिवशीं तो कोणास न विचारतां जिना उतरून गेला. चपला दारांतच राहिल्या. दिवेलागणीस परतला तो तांबड्या धुळीनें माखलेला. (ही धूळ येथील रहिवाशांची जुनी डोकेदुखी आहे, वहिनींचे पडदे त्याची साक्ष देतील.) पुढें रोज हाच क्रम.

कट्ट्यावर बसून मी विचार करूं लागलों. मुलगा तोच, पाय तेच. आमचें बिऱ्हाड उपनगरांत सतराव्या मजल्यावर. तेथें खेळावयास जाणें म्हणजे लिफ्टची वाट पाहणें, मोटारींनीं भरलेल्या अंगणांतून निघणें, चौपदरी रस्ता ओलांडणें, आणि मग बाग. तीही ठराविक वेळींच उघडी, व हिरवळीवर पाऊल टाकण्यास मनाई. सोबतीस मोठें माणूस हवें, तें म्हणजे सूनबाई. आणि ती कचेरींतून येते सातास. मुलाचा खेळ आईच्या लोकलगाडीवर अवलंबून! येथें वहिनी भाजी निवडतां निवडतां त्यास खिडकींतून पाहतात. त्यांची नजर चुकली तर कट्ट्यावरचे आजोबा आहेतच.

सचिन तेंडुलकर यांचें घर वांद्र्याच्या साहित्य सहवासांत. सराव दादरास, शाळाही दादरची शारदाश्रम. तेव्हां मुलाची दगदग वांचावी म्हणून त्यास शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे ठेवलें. नातलग मैदानाजवळ असण्याचा हा लाभ आपल्या घरांतून कितीजणांस सुचला असेल?

एक गोष्ट मात्र मनास खटकली. क्रिकेटच्या त्या गर्दींत मुली अगदीं थोड्या. त्या दिसल्या समर्थ व्यायाम मंदिरांत, दोराच्या मल्लखांबावर, माझे डोळे फिरतील इतक्या उंच. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ सालीं याच मैदानावर झाली. मुलींस नुसती मोकळी जागा पुरत नाहीं, तेथें त्यांचें म्हणून कांहीं असावें लागतें, असें वाटलें.

घरीं परतल्यावर सूनबाईस मीं एवढेंच सांगितलें कीं, उद्यांपासून साडेपांचास रस्त्यापलीकडे त्यास मी नेईन. गुडघे दुखतात हें खरें. ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली, आणि चहा ठेवावयास आंत गेली.