बांधाचे २,४०० ठिपके



ब्राउझर मंद चालणं ही तशी रोजचीच कटकट. चहा करून यावं, तोवर पान उघडतं. पण त्या मंदपणापायी माझ्या वडिलांची आठवण तुटत होती, म्हणून हा पत्रप्रपंच.

ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या आमच्या कृष्णाकाठच्या शेताचा बांध वाहून गेला. पाणी ओसरल्यावर चुलतभाऊ फोनमधलं जीपीएस सुरू करून शेताच्या कडेने फिरला आणि फाइल मला न्यू जर्सीला धाडली. सरकारी मोजणी व्हायची तेव्हा होईल. बांध नेमका कुठून जायचा हे अण्णांना आठवतंय तोवर नकाशावर उतरवून ठेवावं, एवढाच बेत. लीफलेट वापरून मी एक साधं पान तयार केलं: मागे उपग्रहाचं चित्र, वर शेताची रेघ, आणि रेघेवरचे ठिपके माउसने ओढून सरकवायची सोय.

रात्री साडेनऊला, म्हणजे अण्णांच्या सकाळी सातला, स्क्रीन शेअर करून बसलो. अण्णा म्हणाले, "चिंचंपास्नं जरा नदीकडं घे." मी ठिपका धरला, ओढला... आणि सगळं थिजलं. चार-पाच सेकंदांनी रेघ हलली. तोवर अण्णा, "कुठं हुतो रं आपण?" वय ८१. चिंच, ओढा, हद्दीचा दगड त्यांना एका ओघात दिसतात. ओघ तुटला की पुन्हा चिंचेपासून सुरुवात. तिसऱ्यांदा म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाबा, तुला कामं असतील." ते फार लागलं.

दोष माझाच. फोनने सेकंदाला एक याप्रमाणे ४० मिनिटांत २,४०० बिंदू टिपले होते. रेघ दुरुस्त करायला घेतली की ते साधन प्रत्येक बिंदूवर एक ठिपका ठेवतं, शिवाय दोन बिंदूंच्या मध्ये नवा घालता यावा म्हणून आणखी एक. झाले ४,८०० ठिपके, आणि ब्राउझरच्या लेखी त्यातला प्रत्येक म्हणजे पानावरचा स्वतंत्र घटक. रेघ एसव्हीजीऐवजी कॅनव्हासवर काढून पाहिली. रेघ सुधारली, ठिपके होते तसेच, फरक जेमतेम.

उपाय निघाला तो अण्णांच्याच बोलण्यातून. मघाशी ते म्हणाले होते, "आपल्या बांधाला एवढी वळणं कवापास्नं?" खरंच की! भाऊ जिथे पाणी प्यायला थांबला, तिथे बिंदूंचा नुसता गुंता. फोनचं जीपीएस मुळातच काही मीटर इकडेतिकडे होतं. मग डग्लस-पॉयकर ही १९७३ची रीत लावली. दोन टोकं जोडणारी सरळ रेघ धरायची. तिच्यापासून सर्वांत लांबचा बिंदू ठरलेल्या मर्यादेबाहेर असेल तर तो ठेवून दोन्ही तुकड्यांवर पुन्हा तेच करायचं, नाहीतर मधले सगळे गाळायचे. तीन मीटरची मर्यादा ठेवली. उरले ४६ बिंदू. मूळ फाइल अर्थातच जपून ठेवली.

दुसऱ्या रात्री ठिपका माउसबरोबर सरकला. अण्णा चिंचेपासून निघाले ते थेट नदीपर्यंत. मध्येच म्हणाले, "हितं एक खूण कर. बुजवलेली हीर हाय." ती विहीर मला ठाऊकच नव्हती.

तेव्हा मंडळी, घरच्या वडीलधाऱ्यांबरोबर असा नकाशा काढायला बसणार असाल तर आधी बिंदू कमी करा, मग फोन लावा.