उजवीकडून

स्काला या प्रोग्रामिंग भाषेच्या २.१३ आवृत्तीने २०१९ साली यादीची डावीकडून आणि उजवीकडून घडी (फोल्ड) घालणारी /: आणि :\ ही दोन्ही चिन्हं कालबाह्य ठरवली. दुसऱ्याच्या जागी ‘फोल्डराइट वापरा’ असा इशारा कंपायलर तेव्हापासून देतो. मी :\ सोडायला तयार नव्हतो. उजवीकडे कलत जाणारं कंसांचं अख्खं झाड त्या चिन्हात दिसायचं, आणि ते झाड बघताक्षणी वाचता येणारा माणूस म्हणून अमरावतीत आपली ओळख असावी, ही हौसही होती.

आता अकोल्याची एक मुलगी शिकायला येते. जुना कोड तिच्या हाती दिला. तिने चिन्हं काढली, पण बऱ्याच ठिकाणी सरळ फोल्डलेफ्ट घातलं. म्हणाली, “सर, उजवीकडून गेलं की मोठ्या यादीवर स्टॅक भरतो ना?”

मी यादी दिली: बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला. गाव, मग रेघ, मग साचलेला मजकूर असं जोडायचं. उजवीकडून घडी घातली की ‘बडनेरा-मूर्तिजापूर-अकोला-’ मिळतं. फोल्डलेफ्टमध्ये साचलेली किंमत आधी येते, घटक नंतर. हे ठाऊक असलेला नीट माणूस पॅरामीटरांची अदलाबदल करतो आणि त्याची गाडी अकोल्याहून उलटी बडनेऱ्याला लागते. अदलाबदल न करणाऱ्याची गावं क्रमाने येतात, फक्त रेघ शेपटाकडून तोंडाला जाते. सगळीकडे स्ट्रिंगच, त्यामुळे कंपायलर चकार शब्द काढत नाही. मला छळते ती ही शांतता. चिन्ह बदलल्याचं यंत्र सांगतं, दिशा बदलल्याचं नाही.

स्टॅकची भीती एके काळी खरी होती. आताच्या लिस्टचं फोल्डराइट आतल्या आत यादी उलटी करतं आणि साध्या लूपने चालतं. म्हणजे जी काटकसर करायला ती निघाली होती, तिला तिथे जागाच नव्हती.

हल्ली ‘घडी कशाला, लूप लिहा’ म्हणणारे वाढलेत. पायथन ३ ने तर घडी घालणारं रिड्यूस उचलून फंकटूल्समध्ये नेऊन ठेवलं. मला ते पटत नाही. लूपमध्ये दिशा वाचणाऱ्याला शोधावी लागते, फोल्डराइटमध्ये ती नावातच असते. चिन्हाचा माझा मोह सुटला तो इथे.

मग तिने लेझीलिस्टचं, म्हणजे गरजेपुरतीच उलगडणाऱ्या यादीचं विचारलं. हास्केलचं फोल्डआर अनंत यादीवरही मध्येच थांबू शकतं, स्कालाचं फोल्डराइट आधी शेवट गाठायला जातं आणि परत येत नाही. तेवढ्या जागा आम्ही बाजूला काढल्या. तिथे रिकर्शन हातानेच लिहिणार आहोत, पहिला मसुदा तिचा.