सेवेची मर्यादा

घरातील आजाऱ्याची सेवा करण्यात आपली कुटुंबे सहसा मागे राहत नाहीत. परंतु सेवेलाही मर्यादा असावी, हे आम्ही अनुभवाने शिकलो.

आमच्या थोरल्या काकांनी आश्रमशाळेतील नोकरी संपल्यावरही मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळ सोडले नाही, व आम्ही सारे त्यांच्या छत्राखाली तेथेच राहिलो. दोन वर्षांपूर्वी त्यांस अर्धांगवायूचा झटका आला. पायात हळूहळू बळ आले; उजवा हात मात्र मूठ मिटून बसला. भर पावसात त्या डोंगराळ मुलखातून व्यायामासाठी नाशिकच्या वाऱ्या करणे जमेना. तेव्हा डॉक्टरांच्या संमतीने आम्ही हवेवर चालणारा हातमोजा आणविला.

असे हातमोजे हल्ली काही हजार रुपयांत मिळतात. प्रत्येक बोटावर एक लवचिक नळी असते. लहानसा पंप तीत हवा भरतो तेव्हा बोट वाकते. हवा ओढून घेतो तेव्हा सरळ होते. दुसरा मोजा चांगल्या हातात घातला, तर त्या हाताच्या हालचालीबरहुकूम दुखरा हात हलतो. तीन महिन्यांत काकांची बोटे सैल झाली. परंतु पाण्याचा पेला काही उचलला जाईना.

व्यायामतज्ज्ञ बाईंनी आम्हांस एकच प्रश्न विचारला, "यंत्राव्यतिरिक्त हा हात दिवसभर काय करतो?" आम्ही निरुत्तर झालो. सदऱ्याची बटणे मुलगा लावी, घास सूनबाई भरवी! एडवर्ड टाउब या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे की, दुबळा हात न वापरण्याची मनुष्यास सवयच जडते. ती सवय आमच्या प्रेमानेच लावली होती.

जन्माने अमेरिकन, परंतु विवाहाने निंबकर झालेल्या कमलाबाईंनी 1950 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय काढले. रोग्याच्या हाताला अर्थपूर्ण काम द्यावे, हेच या शास्त्राचे मूलतत्त्व होय.

काकूंनी ते लगेच अमलात आणले. मोड आलेले वाल काकांपुढे ठेवून त्या म्हणाल्या, "अहो, एवढे सोलून द्या. आज तुमच्या हातच्या डाळिंब्यांची उसळ झाल्याखेरीज पाने मांडायची नाहीत." काका संतापले, वाटी लोटून दिली. काकूंनी सांडलेले वाल मुकाट्याने वेचून पुन्हा पुढे ठेवले. त्या दिवशी आम्ही दोन वाजता जेवलो.

आजही काका सकाळी अर्धा तास मोजा घालतात. बोटे त्याने मोकळी होतात. नंतर मात्र त्यांच्या हातास घरातील काम असते. लिहिणे अद्याप जमत नाही. सदऱ्याचे एक बटण लावण्यास पाच-पाच मिनिटे लागतात. आमचे हात पुढे होऊ पाहतात, काकू डोळ्यांनी दटावतात, आणि आम्ही नुसते पाहत उभे राहतो. सर्व शुश्रूषेत हीच आम्हांस सर्वांत जड गेली.