लपलेला कर्ता

इंग्रजी व्याकरणातील 'पार्टिसिपल' या प्रकरणाला आमच्या जळगाव-धुळ्याकडील विद्यार्थी फारसे भीत नाहीत, कारण ते त्याची व्याख्या पाठ करून मोकळे होतात. परीक्षेत रिकाम्या जागा भरल्या जातात, गुणही पडतात. अडचण पुढे येते. धर्मग्रामातील दाखले, शिफारसपत्रे आणि नोकरीचे अर्ज यांच्या निमित्ताने तरुणांचे इंग्रजी आमच्या नजरेखालून नित्य जात असते. आणि त्यातील बहुतेक ठेचा याच एका दगडाला लागलेल्या असतात, असे आमचे निरीक्षण आहे.

मराठी व्याकरणकार या शब्दांना धातुसाधिते म्हणतात. धातू म्हणजे क्रियापदाचे मूळ. त्याला प्रत्यय लागून तो विशेषणाचे वा क्रियाविशेषणाचे काम करू लागला की धातुसाधित तयार होते. 'वेचलेला कापूस', 'केळीचा घड तोडणारा मजूर', 'गाणे म्हणत', 'बाजारातून येताना', 'भाकर खाऊन' ही सारी त्याच कुळातली. ज्या घरात अहिराणी बोलतात तेथे 'खाऊन' ऐवजी 'खाईसन' म्हणतील, 'जाऊन' ऐवजी 'जाईसन'. (ग्रिअर्सनसाहेबांनी आपल्या भाषासर्वेक्षणाच्या १९०७ च्या खंडात या खानदेशीला मराठीपासून वेगळे काढून भिल्ली भाषांच्या शेजारी बसविले, त्याचा वाद अजून मिटलेला नाही, पण तो येथे नको.) सांगायचे इतकेच, की आमचे मूल शाळेत पाऊल टाकते तेव्हा धातुसाधिते त्याच्या तोंडात आधीच असतात.

मग घोटाळा कुठे होतो? मराठीत प्रत्येक कामाला निराळा प्रत्यय आहे. इंग्रजी मात्र एकाच 'इंग'वर संसार चालविते. 'अ रनिंग बॉय' म्हणजे धावणारा मुलगा, 'ही केम रनिंग' म्हणजे तो धावत आला आणि 'रनिंग इज गुड' म्हणजे धावणे चांगले. यातील तिसरे तर धातुसाधित नाम, त्याला इंग्रजीत 'जेरंड' असे वेगळे नाव आहे. आम्ही मुलांना एवढेच सांगतो, की शब्द मराठीत फिरवून पाहा; 'णे' शोभून दिसला तर तो नाम आहे, 'णारा', 'त', 'ताना' किंवा 'ऊन' शोभला तर पार्टिसिपल. हाच उपाय दुसऱ्या एका रोगावरही चालतो. 'आय ॲम इंटरेस्टिंग इन धिस पोस्ट' असे लिहिलेले अर्ज आम्ही कितीतरी पाहिले. 'इंटरेस्टिंग' म्हणजे गोडी लावणारा, 'इंटरेस्टेड' म्हणजे गोडी लागलेला. 'णारा' आणि 'लेला' यांत आमचे मूल स्वप्नातही चूक करणार नाही.

खरी मेख पार्टिसिपलच्या वाक्यांशात आहे. त्यात क्रिया दिसते, पण कर्ता लपलेला असतो. आणि इंग्रजीचा दंडक असा, की मुख्य वाक्याचा जो कर्ता तोच या वाक्यांशाचा कर्ता मानावा. मराठी इतकी कडक नाही. 'धुळ्याच्या बसस्थानकावर उभा असताना माझे पाकीट चोरीला गेले' हे वाक्य कोणालाही खटकत नाही. तेच 'स्टँडिंग ॲट द धुळे बस स्टँड, माय पर्स वॉज स्टोलन' असे इंग्रजीत घातले, की पाकीटच बसची वाट पाहत उभे राहते! 'वडील वारून दहा वर्षे झाली' या वाक्यात तर वारले वडील आणि झाली वर्षे, तरी कानाला काही अडत नाही. आमची मुले अज्ञानाने चुकत नाहीत. आपल्या भाषेची मोकळीक ती परक्या घरी घेऊन जातात.

सेमिनरीत लॅटिन शिकताना या गाठीची दुसरी बाजू आम्हांला दिसली. लॅटिनमध्ये वाक्यांशाला स्वतःचा वेगळा कर्ता देता येतो, मात्र त्याचे नाव घेऊन आणि त्याला ठराविक विभक्ती लावून. इंग्रजीतही ही सोय आहे: 'द सन हॅविंग सेट, वी वेन्ट होम'. सूर्य स्वतंत्रपणे मावळतो, आपण स्वतंत्रपणे घरी जातो. (आपला 'मिस्सा' हा शब्दही रूपाने लॅटिनमधील धातुसाधितच, 'पाठविणे' या धातूचे ते रूप आहे.)

व्याकरणाचे हे कष्ट एकतर्फी नव्हते, हेही मुलांना सांगावे. ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज; त्यांनी कोकणी भाषेचे व्याकरण रचले आणि ते त्यांच्या निधनानंतर १६४० साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. आमच्या खानदेशाशी तर याहून जवळचे नाते आहे. कवी केशवसुत भडगाव आणि फैजपूर येथील शाळांत शिक्षक होते आणि १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' सिद्ध करणारे मोरो केशव दामले हे त्यांचे बंधू. एक भाऊ कवी, दुसरा व्याकरणकार. घरातल्या गप्पा ऐकायला मिळाल्या असत्या तर!

आता एका अर्जाविषयी. एका तरुणाने तो तपासण्यास आणला होता. त्यात वाक्य होते: 'हॅविंग लॉस्ट माय फादर इन चाइल्डहुड, माय मदर ब्रॉट मी अप'. दंडकाप्रमाणे याचा अर्थ, आईने आपल्या बालपणी या मुलाचा बाप गमावला. ज्या बाईने दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून तीन मुले वाढविली तिच्याविषयीचे हे वाक्य वाचून मुलाखत घेणारा हसला असता, आणि तो का हसतो हे मुलाला कळलेही नसते. आम्ही त्याला एकच प्रश्न विचारला, "वडील गमावले कोणी?" तो म्हणाला, "मी." "मग वाक्यात तू कुठे आहेस?" तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला.

आम्ही दुरुस्ती सुचविली: 'हॅविंग लॉस्ट माय फादर इन चाइल्डहुड, आय वॉज ब्रॉट अप बाय माय मदर'. व्याकरण निर्दोष झाले. त्याने ते दोनदा वाचले आणि मान हलविली. "फादर, यात आई शेवटी गेली," तो म्हणाला. मग त्याने स्वतःच पार्टिसिपल काढून टाकले आणि लिहिले: 'आय वॉज अ चाइल्ड व्हेन माय फादर डाइड. माय मदर ब्रॉट मी अप'. अर्ज तसाच गेला.