धातूंचा जमाखर्च

न्यूयॉर्कच्या बंदरात एका बेटावर स्वातंत्र्यदेवतेचा भव्य पुतळा उभा आहे. १८८६ साली त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा त्याचा तांब्याचा पत्रा नव्या घागरीसारखा तांबूस होता. पुढे वारा, पाऊस आणि हवेतील वायू यांच्या योगाने त्यावर हिरवट थर चढला. पुतळ्याची शताब्दी जवळ आली, तेव्हा त्याची डागडुजी सुरू झाली. हा थर तांब्याला खातो की राखतो, हे जाणणे अगत्याचे होते. ज्या शास्त्रज्ञांनी त्याचा कसून अभ्यास केला, त्यांत बेल प्रयोगशाळेतील थॉमस ग्रेडेल हे एक होते. असा थर खालच्या तांब्याचे कवचाप्रमाणे रक्षण करतो.

ग्रेडेल यांचे शिक्षण मोठे विविध होते. प्रथम ते रासायनिक अभियांत्रिकी शिकले, मग पदार्थविज्ञान, आणि शेवटी मिशिगन विद्यापीठात खगोलशास्त्र. ताऱ्यांचा अभ्यास केलेला हा माणूस पुढे पृथ्वीच्या हवेकडे आणि त्या हवेत झिजणाऱ्या धातूंकडे वळला. बेल प्रयोगशाळेत त्यांनी सत्तावीस वर्षे काम केले.

१९९७ साली ते येल विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी एक विलक्षण काम हाती घेतले. घरातील कर्ती बाई महिन्याचा जमाखर्च मांडते: किती आले, किती वापरले, किती शिल्लक उरले आणि किती वाया गेले. ग्रेडेल आणि त्यांचे सहकारी यांनी असाच जमाखर्च तांबे, जस्त यांसारख्या धातूंचा मांडला, आणि तोही देशोदेशींचा! खाणीतून किती तांबे निघाले? तारांत, यंत्रांत, घरांत किती गुंतले? मोडीतून किती परत आले आणि कचऱ्यात किती गाडले गेले? या हिशेबातून एक गोष्ट स्पष्ट झाली. धातूंची खाण केवळ डोंगराच्या पोटात नसते. आपली गावे आणि शहरे याही धातूंच्या खाणीच आहेत.

परंतु या खाणीतून आपण किती काढून घेतो? २०११ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमातर्फे ग्रेडेल यांच्या नेतृत्वाखाली एक अहवाल निघाला. त्यात साठ धातूंचा विचार केला होता. लोखंड, तांबे, शिसे, सोने अशा अठरा धातूंचा निम्म्याहून अधिक भाग टाकाऊ वस्तूंतून परत मिळत होता. उलट चौतीस धातूंचा शंभरातला एक भागही परत येत नव्हता! विजेरीतील लिथियम आणि पवनचक्कीच्या चुंबकातील निओडिमियम यांचा समावेश त्या चौतिसांतच होता.

असे का व्हावे? चहात विरघळलेली साखर जशी चिमटीने उचलता येत नाही, तसेच यंत्रात कणाकणाने मिसळलेले धातू वेगळे काढणे अतिशय कठीण व खर्चाचे असते.

मग एक धातू संपला, तर दुसरा वापरता येणार नाही का? ग्रेडेल यांच्या गटाने बासष्ट धातूंबाबत हाही प्रश्न तपासला. सर्व मुख्य उपयोगांसाठी उत्तम पर्याय उपलब्ध आहे, असा एकही धातू त्यांना आढळला नाही. सुमारे बारा धातूंना तर पुरेसा पर्यायच नव्हता.

कोळशाचा धूर टाळण्यासाठी जग आज ऊन आणि वारा यांपासून वीज मिळवू लागले आहे. ऊन संपत नाही, वारा संपत नाही; परंतु त्यांना कामाला लावणारी यंत्रे धातूंचीच असतात, आणि पृथ्वीचे हे भांडवल मोजके आहे. म्हणून वस्तू घडवतानाच ती पुढे सहज सुटी कशी करता येईल, याचा विचार झाला पाहिजे.

नवी खाण शोधणाऱ्याचे नाव चटकन सर्वतोमुखी होते. शिलकीचा हिशेब मांडणारा मात्र मागेच राहतो. पण भांडवल किती उरले आहे, हे ज्या घराला ठाऊक असते, त्या घरावरच सहसा उसनवारीची पाळी येत नाही.