ताटाची डावी बाजू

वीर निर्वाण संवताच्या पहिल्या दिवशी, म्हणजेच कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, कुंभोजगिरीचे दर्शन घ्यावयाचे, हा आमच्या सांगलीच्या घराचा जुना प्रघात. हातकणंगले तालुक्यातील या क्षेत्री भगवान बाहुबलींची २८ फूट उंचीची संगमरवरी मूर्ती १९६३ मध्ये प्रतिष्ठापित झाली. टेकडीवर जगवल्लभ पार्श्वनाथांचे श्वेतांबर मंदिरही आहे. दोन्ही आम्नायांचे यात्रेकरू तेथे एकमेकांना वाट देत चढतात. गतवर्षी आमच्यासमवेत नगरचे व्याही होते. ते मारवाडी, श्वेतांबर. आम्ही दक्षिणेकडील दिगंबर.

मनात मात्र आदल्या दिवाळीचा एक सल होता. सूनबाईंची ती पहिली दिवाळी. व्याही-विहीणबाई आमच्याकडे जेवावयास आले होते. सौभाग्यवतींनी ताटाची डावी बाजू मोठ्या हौसेने सजविली होती: मुगाच्या डाळीची कोशिंबीर, खमंग काकडी, कारळ्याची आणि लसणाविना केलेली शेंगदाण्याची चटणी. पाहुणे पुरणपोळी आवडीने जेवले, परंतु कोशिंबीर व काकडी यांना त्यांनी स्पर्शही केला नाही. विहीणबाईंनी घरून करून आणलेली मनुका घातलेली दाणामेथीची भाजी आम्हीही तशीच राहू दिली. सणासुदीला कडू कशाला, असे आमच्या थोरल्या वहिनी सर्वांदेखत बोलून गेल्या. मी ऐकले आणि गप्प राहिलो. त्यानंतर वर्षभर सूनबाईंनी माहेरचा एकही पदार्थ केला नाही.

दर्शन आटोपून आम्ही झाडाखाली डबे उघडले. कोशिंबीर पुन्हा तशीच राहिली, तेव्हा न राहवून मी सूनबाईंना विचारले.

“बाबा, कोथिंबीर आहे ना त्यात,” त्या संकोचून म्हणाल्या. “कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चातुर्मास. आमच्याकडे तोवर पालेभाजी वर्ज्य. यजमानांना कसं सांगायचं, म्हणून आई-पप्पा बोलले नाहीत.”

आम्ही ज्याला अवमान समजलो, तो नियम होता. मग विहीणबाईंनी दाणामेथीचे इंगित सांगितले. पर्युषणात हिरवी भाजी नसते, तेव्हा मेथीदाणे, पापड, गट्टे यांवरच त्यांचे स्वयंपाकघर चालते. त्यातूनच ही भाजी सणाच्या ताटात आली. मी घासभर घेतली. आधी कडवटपणा, मागाहून मनुकांची गोडी. गुढीपाडव्याला कडुनिंबाने वर्षारंभ करणाऱ्या आम्हाला कडवटपणाचे वावडे का असावे?

विचार करता जाणवले की कांदा, लसूण, बटाटा दोन्ही घरी नाही. कच्च्या दह्यात डाळ कालवावयाची नाही, हा द्विदळाचा विवेकही दोहोंकडे. मर्यादा जवळपास त्याच. त्यांच्या आत मारवाडच्या कोरड्या भूमीने एक चव घडविली, कृष्णाकाठाने दुसरी.

बँकेत आयुष्य गेले, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. इंग्रजी पद्धतीच्या खतावणीत डावी बाजू नावेची, तर आपल्या पारंपरिक रोकडवहीत ती जमेची. आम्ही मात्र वर्षभर ताटाची डावी बाजू एकमेकांच्या नावे टाकीत राहिलो. एका प्रश्नाने मिटणारी ही बाकी होती, आणि तो प्रश्न विचारण्याचे काम यजमानाचे, म्हणजे माझे होते.

आता आमच्या घरी चातुर्मासात कोथिंबीर वेगळ्या वाटीत ठेवतात. दाणामेथी सूनबाई करतात, आणि वहिनी ती मागून घेतात.