टंकलेखिकेची अक्षरे

अक्षर ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या नाकारले गेले, त्या आम्हांला रूथ वोल्फ-रेफेल्ट या जर्मन कलावतीविषयी विशेष आपुलकी वाटते. १९३२ साली वुर्त्सेन येथे जन्मलेल्या रूथबाई पूर्व बर्लिनमध्ये कचेरीत नोकरी करीत. कलाशाळेचे रीतसर शिक्षण त्यांना नव्हते. टंकयंत्र म्हणजे दुसऱ्याचा मजकूर उतरवण्याचे साधन. सत्तरच्या दशकात त्यांनी त्यावरच स्वतःची दृश्यकविता रचली. अक्षरे, आकडे, विरामचिन्हे ओळींवर ओळी ठोकून त्यांनी कागदावर लाटा उठवल्या, पिंजरे उभे केले. छपाईवर सरकारी पहारा असलेल्या त्या देशात कार्बन कागदाखालची प्रत टपालाच्या पाकिटात सहज मावे. बाईंना सीमा बंद होत्या. त्यांची पाने देशोदेशी पोचली. कलेचा इतिहास लिहिणाऱ्यांना कचेरीतले मेज दिसत नाही, ही आमची जुनी तक्रार आहे.

१९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली आणि पुढल्याच वर्षी त्यांनी हे काम थांबवले. आता आपल्या कलेची गरज उरली नाही, असे त्यांना वाटले. आम्हांला ते पटत नाही. एक भिंत पडल्याने भिंती संपत नाहीत, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक! असो, निर्णय त्यांचा होता. २०१७ साली कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात ती पाने मांडली गेली, तेव्हा रूथबाई ८५ वर्षांच्या होत्या.